‘१०० टक्के’ आणि ‘१०० मि.ग्रॅ.’ : लोहाच्या गोळ्यांवरची लेबले कशी वाचावीत?

केतकी_वाई

नमस्कार. आमच्या घरात नुकताच एक घोळ उघडकीस आला. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता आणि निष्काळजीपणाही फारसा नव्हता. फक्त दोन लेबले वाचण्यात आम्ही सगळेच चुकलो. म्हणून हा धागा काढत आहे.

माझ्या जाऊबाईंचे हिमोग्लोबिन मार्चमध्ये ९.१ भरले. डॉक्टरांनी लोहाची गोळी लिहून दिली, रोज एक, तीन महिने. दहा-बारा दिवसांत त्यांना बद्धकोष्ठाचा त्रास सुरू झाला आणि सकाळी मळमळू लागले. तेवढ्यात घरातल्याच एकाने ‘वनस्पतिजन्य लोह, पोटाला त्रास नाही’ अशी जाहिरात पाहून एक बाटली ऑनलाइन मागवली. बाटलीच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत ‘लोह १००%’ असे छापलेले होते आणि आधीच्या पाकिटावर ‘१०० मि.ग्रॅ.’ असे होते. दोन्हीकडे शंभरच आहेत, मग हरकत काय, असा विचार करून त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि रोज एक कॅप्सूल सुरू केली. जूनमध्ये पुन्हा तपासले, तर हिमोग्लोबिन ९.३.

परवा रात्री जेवणाच्या टेबलावर दोन्ही वस्तू शेजारी ठेवून, सासऱ्यांचे भिंग घेऊन आम्ही दोघी बसलो. पाकिटावर लिहिले आहे : फेरस ॲस्कॉर्बेट, एलिमेंटल आयर्न १०० मि.ग्रॅ.च्या समतुल्य, फॉलिक ॲसिड १.५ मि.ग्रॅ. बाटलीच्या मागच्या बाजूला, बारकोडच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले आहे : एक सर्व्हिंग म्हणजे २ कॅप्सूल, प्रति सर्व्हिंग कढीपत्त्याच्या पानांचा अर्क इतका इतका, त्यातून मिळणारे लोह १९ मि.ग्रॅ.; आरडीएच्या १००%. जाऊबाई एकच कॅप्सूल घेत होत्या. म्हणजे त्यांच्या पोटात रोज जेमतेम साडेनऊ मिलिग्रॅम लोह जात होते आणि लिहून दिलेले होते शंभर.

डॉक्टरांकडे आम्ही लगेच जाऊन आलो आहोत, त्यामुळे उपचाराचा सल्ला मागत नाही. मला लेबल समजून घ्यायचे आहे. ‘१००%’ म्हणजे कोणाचे शंभर टक्के? ‘एलिमेंटल’ हा शब्द एका लेबलावर असतो आणि दुसऱ्यावर का नसतो? आणि एकाच दुकानात, एकाच फळीवर या दोन वस्तू शेजारी ठेवलेल्या असताना सामान्य माणसाने फरक ओळखायचा तरी कसा?

जुना_खलबत्ता

केतकीताई, सव्वीस वर्षे औषधाच्या दुकानाच्या गल्ल्यामागे उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, तुमच्या घरी झाला तो घोळ मी महिन्यातून दोनदा तरी पाहतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो समजला की बाकीचे आपोआप उलगडते.

शुद्ध लोखंडाचा कीस गोळीत भरून सहसा कोणी विकत नाही. लोह कशाशी तरी संयोग पावलेल्या क्षाराच्या रूपात गोळीत असते आणि त्या क्षाराच्या वजनात लोहाचा वाटा दर वेळी वेगळा असतो. सराफाच्या पावतीवर दागिन्याचे ढोबळ वजन आणि निव्वळ वजन असे दोन आकडे असतात. काळे मणी, खडे, लाख हे सगळे धरून मंगळसूत्र वीस ग्रॅम भरेल, पण पैसे आपण निव्वळ सोन्याचे मोजतो. लोहाच्या गोळीवरचे ‘एलिमेंटल आयर्न’ हे ते निव्वळ वजन आहे. फेरस फ्युमरेटमध्ये लोह सुमारे ३३ टक्के असते, फेरस ग्लुकोनेटमध्ये सुमारे १२ टक्के आणि पाणी धरलेल्या साध्या फेरस सल्फेटमध्ये सुमारे २० टक्के. तेच फेरस सल्फेट सुकवलेले असेल, तर लोहाचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातो. कार्बोनिल आयर्न मात्र जवळजवळ सगळेच लोह असते, आणि ‘सहसा’ हा शब्द मी वर वापरला तो त्याच्यासाठी.

आता गंमत पाहा. एका गोळीवर ‘फेरस ग्लुकोनेट ३०० मि.ग्रॅ.’ आहे आणि दुसरीवर ‘फेरस फ्युमरेट १५२ मि.ग्रॅ.’ आहे. गिऱ्हाईक पहिली जड समजते. प्रत्यक्षात पहिलीत निव्वळ लोह ३६ मि.ग्रॅ.च्या आसपास आहे आणि दुसरीत ५०. म्हणून क्षाराचे नाव आणि त्यापुढचा आकडा पाहून कधीही तुलना करू नये. ‘एलिमेंटल’ किंवा ‘समतुल्य’ या शब्दांनंतर येणारा आकडाच काय तो धरावा. तो छापलेला नसेल तर केमिस्टला विचारावा, आणि केमिस्टलाही सांगता येत नसेल तर ती वस्तू घेऊ नये, असे माझे मत आहे.

कढीपत्त्याच्या अर्काचेही तसेच. अर्क किती मिलिग्रॅम आहे याला महत्त्व नाही, त्यातून लोह किती मिळते याला आहे, आणि तो आकडा तुमच्या बाटलीवर दिलेला आहे हे उत्पादकाच्या बाजूने सांगितले पाहिजे. फक्त तो मागे, बारीक अक्षरांत आहे आणि टक्केवारी पुढे, ठळक आहे.

फळीवरचा फरक असा ओळखावा. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी कायद्याने औषध आहे : घटकांच्या नावापुढे ‘आय.पी.’, म्हणजे भारतीय औषधसंहितेप्रमाणे, असे असते आणि खाली औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. तुमची बाटली कायद्याने अन्न आहे. तिच्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, ‘हेल्थ सप्लिमेंट’ हे शब्द आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य असेल. पूरक आहारासाठीचे हे नियम २०१६ साली आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य लोक नुसती औपचारिकता म्हणून छापलेले समजतात, पण त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा असतो : रोजच्या आहारातली तूट भरण्यासाठी ही वस्तू आहे, झालेला रक्तक्षय बरा करण्यासाठी नाही. जाऊबाईंच्या बाटलीने खोटे काहीच सांगितले नव्हते. ती वेगळ्या कामासाठी केलेली वस्तू होती.

तिरकस_पंत

खलबत्तासाहेब, विवेचन उत्तम आहे, परंतु ‘कोणाचे शंभर टक्के’ हा मुख्य प्रश्न आपण चतुराईने टाळला, असे नम्रपणे निदर्शनास आणून देतो.

जुना_खलबत्ता

टाळला नाही, पंत, गिऱ्हाईक आले होते.

आरडीए म्हणजे निरोगी माणसाला आहारातून रोज किती मिळावे याची शिफारस. भारतात ती आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ठरवते. २०२० च्या तक्त्याप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज १९ मि.ग्रॅ. लोह, प्रौढ स्त्रीला २९ आणि गरोदर स्त्रीला २७. त्याआधीच्या २०१० च्या तक्त्यात हेच आकडे अनुक्रमे १७, २१ आणि ३५ होते. आता केतकीताईंच्या बाटलीवरचे १९ मि.ग्रॅ. पाहा. ते शंभर टक्के आहेत, पण पुरुषाचे! पाळी येणाऱ्या बाईच्या हिशेबाने ते जेमतेम ६५ टक्के होतात, आणि एकच कॅप्सूल घेतली तर ३३. लेबलावर ही टक्केवारी कोणासाठी काढली आहे ते बहुधा तक्त्याखाली फुली किंवा तारा करून दिलेले असते. तो तारा शोधावा. स्त्रियांसाठी म्हणून गुलाबी बाटलीत विकल्या जाणाऱ्या वस्तूवरही तारा पुरुषाच्या आकड्याकडे बोट दाखवतो, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

आणि हे २९ सुद्धा निरोगी बाईसाठी आहेत. रक्तक्षय झाल्यावर शरीरातला रिकामा साठा भरायचा असतो. तिथे आरडीएचा हिशेब लागू होत नाही, म्हणून डॉक्टर साठ, शंभर असे आकडे लिहितात. पोषण संस्थेने लोहाची सुरक्षित कमाल मर्यादा रोज ४५ मि.ग्रॅ. मानली आहे, ती स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांसाठी. उपचारातली मात्रा तिच्या वर जाते, पण ती तपासणी करून, ठरावीक काळासाठी आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहीत आहे. या शंभर टक्क्यांना आणखी एक पदर आहे आणि तो आमच्यासारख्यांमुळे भारतातल्या घरांत शिरतो. दर दिवाळीला आम्ही आई-वडिलांसाठी बॅगेत मल्टिव्हिटॅमिनच्या मोठ्या बाटल्या भरून आणतो, आणि त्यांवरचे शंभर टक्के अमेरिकेचे असतात.

इथल्या लेबलावर लोहाची दैनिक किंमत १८ मि.ग्रॅ. धरलेली असते, वाचणारा पुरुष असो की स्त्री. युरोपातून आलेल्या बाटलीवर तीच १४ मि.ग्रॅ. असते. म्हणजे लंडनहून आत्याने आणलेली, न्यू जर्सीहून मी आणलेली आणि पुण्यात घेतलेली अशा तीन बाटल्या एका फळीवर ठेवल्या, तर तिन्हींवर ‘लोह १००%’ असेल आणि आत अनुक्रमे १४, १८ आणि १९ मि.ग्रॅ. असेल. भारतीय स्त्रीच्या २९ च्या हिशेबाने त्यांपैकी एकही पूर्ण नाही. भारताचा आकडा मोठा असण्याचे कारण आपल्या ताटात आहे : धान्य आणि डाळी यांतले फायटेट नावाचे द्रव्य लोहाला धरून ठेवते, शोषण कमी होते, म्हणून तेवढेच लोह अंगी लागण्यासाठी जास्त खावे लागते.

अमेरिकी लेबलाची एक गोष्ट मात्र मला आवडते. ‘सप्लिमेंट फॅक्ट्स’ नावाच्या चौकटीत लोहापुढचा आकडा निव्वळ लोहाचाच असतो आणि ते कोणत्या क्षारातून आले ते कंसात किंवा खाली घटकांत दिलेले असते. त्यामुळे ढोबळ आणि निव्वळ वजनाचा गोंधळ इथे सहसा होत नाही. मात्र सर्व्हिंगचा होतोच. दोन, तीन, कधी चार गोळ्यांचे एक सर्व्हिंग असते.

आणखी एक. पन्नाशीपुढच्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह मुद्दाम घातलेले नसते, आणि गमीच्या रूपातल्या गोड गोळ्यांतही बहुतेक वेळा नसते. माझ्या आईला दोन वर्षे मी ‘सगळे जीवनसत्त्व-खनिज असलेली’ बाटली पाठवत होतो. तिच्या चौकटीत लोहाची ओळच नव्हती, हे मला तिचा रक्ताचा अहवाल पाहिल्यावर कळले. जे छापले आहे ते आपण वाचतो. जे छापलेले नाही त्याची उणीव जाणवायला वेळ लागतो.

दोन_पिल्लांची_आई

माझी शंका लहान मुलांच्या औषधाबद्दल आहे. थोरल्याला सिरप दिले होते, धाकट्याला थेंब दिले आहेत. दोन्हीच्या बाटल्या सारख्याच दिसतात. सिरप शिल्लक आहे, तर तेच धाकट्याला ड्रॉपरने दिले तर चालेल का?

जुना_खलबत्ता

ताई, कृपा करून तसे करू नका. सिरपवरचा आकडा बहुधा ‘प्रत्येक ५ मिली मध्ये’ असा असतो आणि थेंबांवरचा ‘प्रत्येक १ मिली मध्ये’ असा. समजा सिरपमध्ये ५ मिलीला ३० मि.ग्रॅ. आणि थेंबांत १ मिलीला १० मि.ग्रॅ. असेल, तर आकडा सिरपचा मोठा दिसतो, पण मिलीमागे थेंबच जास्त तीव्र असतात. एकाच्या मापाने दुसरे दिले की एक तर मात्रा कमी पडते, नाही तर जास्त होते, आणि लहान मुलाच्या बाबतीत दुसरे भयंकर आहे. शिवाय उघडलेली बाटली किती दिवस ठेवायची तेही लेबलावर असते.

मूळ प्रश्नापेक्षा थोडे जास्त लिहितो, कारण ही गोष्ट दुकानात सांगायला वेळ मिळत नाही. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे २० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त निव्वळ लोह एकदम पोटात गेले की विषबाधेची लक्षणे दिसू शकतात आणि ६० मि.ग्रॅ.च्या पुढे जीव धोक्यात येतो. दहा किलोच्या बाळाचा हिशेब करा. आईच्या १०० मि.ग्रॅ.च्या गोळ्या लाल, चकचकीत, वर साखरेसारखा थर असलेल्या असतात. दोन गोळ्यांनंतर त्रास सुरू होण्याची शक्यता आहे आणि सहा गोळ्या म्हणजे जीवघेणी मात्रा. ‘मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा’ ही ओळ सगळ्याच औषधांवर असते, म्हणून आपण ती वाचत नाही. लोहाच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. मुलाने गोळ्या गिळल्याचा नुसता संशय असला, तरी उलटीची वाट न पाहता पाकीट हातात घेऊन दवाखाना गाठावा. सुरुवातीच्या उलट्या-जुलाबांनंतर मूल काही तास बरे झाल्यासारखे दिसते आणि आई-वडील तिथेच फसतात.

दूरदेशी

याला जोडून लिहितो. इथे १९९७ पासून लोह असलेल्या पूरक गोळ्यांवर चौकटीत इशारा छापणे बंधनकारक आहे. सहा वर्षांखालील मुलांच्या जीवघेण्या विषबाधेचे लोहाच्या गोळ्या चुकून जास्त खाल्ल्या जाणे हे एक प्रमुख कारण आहे, असे त्यात स्पष्ट म्हटलेले असते. बाटलीत मिळून २५० मि.ग्रॅ. किंवा त्याहून जास्त निव्वळ लोह असेल, तर मुलांना उघडता येणार नाही असे झाकणही लागते. भारतातल्या पाकिटात एकेक गोळी दाबून काढावी लागते, हे त्या दृष्टीने एक प्रकारे बरेच आहे. आई सगळ्या गोळ्या काढून स्टीलच्या डबीत भरून ठेवते, तिथे तो फायदा जातो आणि लेबलही कचऱ्यात जाते.

सातपुड्याची_शाळा

मी नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे लोहाच्या गोळ्या विकत कोणी घेत नाही, त्या सरकारी पुरवठ्याने येतात. परंतु लेबल वाचण्याचा प्रश्न आम्हालाही आहे, कारण गोळ्या वाटणारा मी आहे.

‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात गोळीचा रंगच लेबलाचे काम करतो. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी गोळी असते, तिच्यात निव्वळ लोह ४५ मि.ग्रॅ. आणि फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी निळी, ६० मि.ग्रॅ. आणि ५०० मायक्रोग्रॅम. या दोन्ही आठवड्यातून एकदाच द्यायच्या असतात. गरोदर आणि स्तनदा मातांसाठी लाल गोळी असते. तिच्यातही ६० आणि ५००, पण ती रोज, गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. निळ्या आणि लाल गोळीत लोह सारखेच आहे हे ऐकून पालक चकित होतात. फरक फक्त किती वेळा घ्यायची यात आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकांना आशाताई आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप देतात, त्यात २० मि.ग्रॅ. लोह असते.

आम्ही गोळी शालेय पोषण आहार झाल्यावरच देतो. पहिल्या वर्षी एका सोमवारी मी ती प्रार्थनेनंतर लगेच वाटली. उपाशीपोटी आलेल्या चार-पाच मुलींनी वर्गात ओकारी काढली आणि पुढचे दोन महिने त्या गोळीकडे पाहायला तयार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी शौच काळी होते, हेही आता आधीच सांगून ठेवतो, नाही तर घरून कोणी तरी घाबरून येते.

एक गोष्ट मात्र लेबलावर मावत नाही. आमच्या भागात, तसेच गडचिरोलीकडे, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलमध्येही रक्त कमी असते, चेहरा फिकट दिसतो, थकवा येतो. पण तिथे लोह कमी असेलच असे नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात तर ते जास्त साठलेले असू शकते. अशा मुलाला दुकानातून आणलेले टॉनिक कोणी सुरू केले की मला काळजी वाटते. ज्यांच्याकडे सिकलसेलचे कार्ड आहे त्यांची नावे मी वहीत वेगळी लिहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवतो.

काचपट्टी_ठाणे

गुरुजींनी उत्तम मुद्दा मांडला. मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे लेबलाच्या आधीची एक पायरी सांगते. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, हे गृहीत धरूनच बहुतेक लोक बाटली विकत घेतात. बहुतांश वेळा ते खरेही असते. पण थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशीही लहान आणि फिकट दिसतात, हिमोग्लोबिन दहा-अकराच्या घरात राहते आणि लोहाने ते हलत नाही. असे लोक वर्षानुवर्षे ब्रँड बदलत राहतात आणि दोष लेबलाला देतात. फेरिटिन ही शरीरातल्या लोहाच्या साठ्याची चाचणी आहे. प्रौढांत ते १५ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर साठा संपला असे जागतिक आरोग्य संघटना मानते. मात्र अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन फुगलेले येते, तेव्हा केलेल्या चाचणीवर विसंबू नये.

केतकीताई, तुमच्या जाऊबाईंच्या ९.१ आणि ९.३ मध्ये आमच्या दृष्टीने फरकच नाही. एवढा चढउतार यंत्रात आणि नमुन्यात होतो. पुरेसे लोह पोटात जात असेल आणि ते शोषले जात असेल, तर महिनाभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅम तरी चढायला हवे. न चढल्यास तीन महिने थांबू नये, पुन्हा दाखवावे.

तिरकस_पंत

दोन शंका. एक, मंडूर भस्म आणि लोह भस्म या लोहाच्या आयुर्वेदिक औषधांच्या लेबलावर निव्वळ लोह का लिहिलेले नसते? दोन, ‘लायपोसोमल’ नावाची गोळी चौपट किमतीला मिळते आणि तिच्यावर फक्त ३० मि.ग्रॅ. लिहिलेले असते. कमी माल आणि जास्त दाम, हे कसे?

जुना_खलबत्ता

पहिल्याचे उत्तर थोडक्यात असे की आयुर्वेदिक औषधाचा परवाना वेगळा आहे आणि त्यावर भस्माचे वजन लिहिण्याची पद्धत आहे. त्यामुळे त्याची तुलना मिलिग्रॅममध्ये करता येत नाही. वैद्यांकडून घ्यावे आणि त्याच वेळी दुसरी लोहाची गोळी चालू असेल तर दोघांनाही सांगावे, एवढेच मी म्हणेन.

दुसरे जरा खोलात जाण्यासारखे आहे. लेबलावर फेरस आणि फेरिक असे दोन शब्द दिसतात. आतड्याच्या सुरुवातीच्या भागात लोह प्रामुख्याने फेरस रूपात आत घेतले जाते. फेरिक असेल तर त्याचे आधी फेरस व्हावे लागते. फेरस क्षार स्वस्त आणि कामाचे, पण पोटाला जाचक. पॉलीमाल्टोज किंवा पायरोफॉस्फेट ही फेरिक रूपे पोटाला सोसतात. लायपोसोमल म्हणजे बहुधा फेरिक पायरोफॉस्फेटवर स्निग्ध पदार्थाचे आवरण. उत्पादकांचे म्हणणे असे की थोड्या मात्रेतही ते चांगले शोषले जाते. माझे मत विचाराल तर ज्याला साधी गोळी अजिबातच सोसत नाही त्याच्यासाठी ती आहे. ज्याला सोसते त्याने चौपट पैसे का द्यावेत? अमेरिकेत लहान मुलांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या फेरस सल्फेटने महागड्या पॉलिसॅकराइड संयुगापेक्षा हिमोग्लोबिन जास्त वाढवले होते. ‘सौम्य’ हा शब्द लेबलावर असला की तो पोटाबद्दल आहे, परिणामाबद्दल नाही, हे लक्षात ठेवावे.

आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या, म्हणजे एन्टेरिक थर दिलेल्या गोळ्यांबद्दलही तेच. पोटाला त्रास कमी, पण शोषणाची जागा मागे पडून जाते आणि लोह पुढे निघून जाते.

लेबलावरचे आणखी दोन सापळे, निरोप घेण्यापूर्वी. कॅल्शियमच्या किंवा कसल्याही गोळीवर ‘रंग : रेड ऑक्साइड ऑफ आयर्न’ असे दिसले, तर ते लोहाचे पोषण नव्हे, गोळीला लाली देणारा रंग आहे. मागच्या महिन्यात एक आजोबा ते दाखवून ‘यात लोह आहेच की’ म्हणत होते. आणि प्रोटीन पावडरच्या डब्यावर लोहाचा आकडा ‘प्रति १०० ग्रॅम’ असतो. २८ मि.ग्रॅ. वाचून आनंद होतो, पण दुधात घालायचे दोन चमचे म्हणजे २५ ग्रॅम धरले तर हाती ७ लागतात.

केतकी_वाई

सर्वांचे मनापासून आभार. काल जाऊबाईंना घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेले होते. फेरिटिन ६ आले आहे, त्यामुळे लोहाचीच कमतरता आहे हे नक्की झाले. त्यांनी आता ६० मि.ग्रॅ. निव्वळ लोहाची गोळी एक दिवसाआड दिली आहे. मी जरा धीटपणाने विचारले की एक दिवसाआड का. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की शरीरात हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते साधारण दिवसभर पुढच्या लोहाला दार लावून घेते, म्हणून मधला दिवस सोडला तर प्रत्येक गोळीतले जास्त लोह आत जाते आणि पोटही कुरकुरत नाही, असे त्यांनी सांगितले.

घरी आल्यावर पुन्हा भिंग काढले. पाकिटावर लिहिले आहे : ‘ड्राइड फेरस सल्फेट आय.पी., एलिमेंटल आयर्न ६० मि.ग्रॅ.च्या समतुल्य’. पुढचा आकडा कोणता धरायचा ते आता दोघींनाही कळले. एक शंका राहिली आहे. त्यांना कॅल्शियमची गोळीही आहे आणि दोन्ही आजवर त्या सकाळच्या चहाबरोबर घेत आल्या आहेत.

जुना_खलबत्ता

चहाबरोबर! मग शंभर मि.ग्रॅ. नियमित घेतले असते तरी अर्धे काम चहानेच बिघडवले असते. चहातली टॅनिन आणि कॅल्शियम, दोन्ही लोहाच्या आड येतात. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवा, चहा-कॉफी गोळीच्या आधी-नंतर तास-दीड तास नको, आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घेता आली तर चांगले. त्यांना थायरॉइडची गोळी असेल तर ती सकाळी उठल्याउठल्या आणि लोह तिच्यानंतर चार तासांनी. आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण पोटातले आम्ल कमी झाले की लोहाचे शोषण घटते.

केतकी_वाई

थायरॉइड नाही. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर ठेवले आहे आणि लोह दुपारी चार वाजता, कारण आमच्याकडे चहा साडेपाचला होतो. फ्रिजवरच्या कालनिर्णयावर एक दिवसाआडच्या तारखांना लाल गोल केले आहेत. पाकिटावर मागच्या बाजूने काळ्या स्केचपेनने मोठा ‘६०’ लिहिला आहे, आणि कढीपत्त्याची बाटली सासूबाईंनी जपून ठेवली आहे, झाकण चांगले आहे म्हणून, हिंगासाठी. तिच्यावरचे लेबल मी आधी खरवडून काढले.